नागपूजा पहिल्यांदाच करताय? पाटावरच्या नागापासून कुंडलीतल्या राहू-केतूपर्यंत सगळं सांगते

श्रावण जवळ आला की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं हमखास विचारायला येतात. एक म्हणजे नुकतं लग्न झालेल्या मुली, ज्यांच्या माहेरी नागपंचमी फक्त कॅलेंडरवर होती आणि सासरी "या वर्षी पूजा तू कर" असं सांगितलेलं असतं. दुसरे म्हणजे ज्यांची कुंडली बघून कुणीतरी "कालसर्प आहे" सांगितलंय आणि तेव्हापासून घरात सगळ्यांची झोप उडालीये. दोघांनाही मी आधी एकच सांगते, की नागाची पूजा घाबरून करायची नसते. आपल्याकडे नाग बाईचा भाऊ आहे, शेताचा राखणदार आहे, आणि वर्षभरात नांगराने, पायाने, गाडीखाली आपल्याकडून जे काही झालं त्याची माफी आपण त्याच्याकडे एक दिवस मागतो. हे डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं जातं.

आधी नाग कोण ते समजून घ्या

पूजा करायच्या आधी अर्धा तास यासाठी काढा, खरंच काढा, नाहीतर पूजा म्हणजे नुसतं साहित्य मांडणं होतं.

महाभारताच्या आदिपर्वात आस्तीकाची गोष्ट आहे. परीक्षित राजाला तक्षक चावला, म्हणून त्याचा मुलगा जनमेजय याने सगळ्या सापांना जाळून टाकायचं ठरवलं आणि सर्पसत्र मांडलं. मंत्र म्हटले की साप ओढले जाऊन कुंडात पडत होते. ते थांबवलं आस्तीकाने. त्याचा बाप ऋषी आणि आई वासुकी नागाची बहीण जरत्कारू, म्हणजे हा मुलगा अर्धा माणसांचा, अर्धा नागांचा, आणि तोच मधे पडला. मला ही गोष्ट नागपूजेचा कणा वाटते. बापाच्या मृत्यूचा राग खरा होता, पण त्यापायी अख्खं कुळ संपवायचं नाही, कुणीतरी दोन्हीकडचं नातं असणारा उभा राहिला आणि सत्र थांबलं.

आता आपली मराठी कहाणी बघा, तिचाही सूर तोच आहे. शेतकऱ्याचा नांगर वारुळाला लागला, आतली पिल्लं मेली. नागीण परत आली, बघितलं, आणि रागाने त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसली. एक मुलगी सासरी होती, तिलाही डसायला नागीण तिच्या गावी गेली. तर ती पोर पाटावर चंदनाने नाग, नागीण आणि नागकुळं काढून त्यांना दूध-लाह्या ठेवून डोळे मिटून बसलेली. नागीण दूध प्यायली, त्या ओल्या चंदनात लोळली, थंड झाली, राग गेला. मग तिनेच त्या मुलीला अमृत दिलं आणि माहेरची माणसं उठली. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, भाजी चिरायची नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. लोक हे नियम सांगतात पण कहाणी सांगत नाहीत, मग नवीन मुलीला वाटतं ही कसली विचित्र बंधनं. एक दिवस लोखंड आणि धार बाजूला ठेवायची, कारण आपल्या लोखंडाने कुणाची तरी पिल्लं मेली होती, असा तो अर्थ लागतो.

बाकी मग शंकराच्या गळ्यात नाग, विष्णूखाली शेष, गणपतीच्या पोटाला नागबंध, समुद्रमंथनाची दोरी वासुकी, गीतेत "सर्पांत मी वासुकी, नागांत मी अनंत" असं भगवंत म्हणतात, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. ज्ञानेश्वर माऊलींनी तर सहाव्या अध्यायात कुंडलिनीला कुंकवात न्हायलेल्या, वेटोळं करून निजलेल्या नागाच्या पिल्लाची उपमा दिलीये. विषारी प्राण्याकडे इतक्या मायेने बघणारी नजर त्या काळी होती, हे लक्षात ठेवा.

दिवस कुठला आणि आदल्या दिवशी काय

श्रावण शुद्ध पंचमी. पंचमी तिथीचा स्वामीच नाग मानलाय, म्हणून हा दिवस. पंचांगात सूर्योदयाला पंचमी असलेला दिवस बघा. गुजरातकडची मैत्रीण "आमची अजून पंधरा दिवसांनी आहे" म्हणाली तर गोंधळू नका, त्यांच्याकडे बरेच जण वद्य पंचमीला करतात.

आदल्या दिवशी चतुर्थीला भावासाठी उपास असतो, बऱ्याच घरी बायका करतात. भाऊ नसेल तरी नागालाच भाऊ मानून करतात. तब्येत साथ देत नसेल तर हट्टाने करू नका. मेंदीही आदल्या रात्रीच. आणि महत्त्वाचं म्हणजे चिरायचं-कापायचं-निवडायचं सगळं आदल्या दिवशी उरकून ठेवा, पुरणाची डाळ शिजवून वाटून ठेवली तरी चालते, सकाळी फार हलकं वाटतं.

साहित्य फार लागत नाही. एक पाट, चंदनाचं खोड आणि सहाण (नसेल तर तयार गंध), हळद-कुंकू, अक्षता, दूर्वा, आघाडा, फुलं, कापसाचं वस्त्र, लाह्या, फुटाणे, दूध, उदबत्ती आणि निरांजन. दुकानात "नागपंचमी किट" मिळतं त्यात निम्म्या वस्तू उगाच असतात. जिवतीचा कागद लावत असाल तर त्यावर कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, नागपंचमीला त्याचीही पूजा करायची.

पाटावर नाग काढायचा कसा

इथे सगळे घाबरतात, "मला चित्र येत नाही" म्हणतात. अहो येतं. पाट स्वच्छ पुसून कोरडा करा. गंध जरा दाट उगाळा, पातळ झालं की ओघळतं आणि फण्याची दाढी होते. अनामिकेने खालून सुरुवात करायची, शेपटीपासून, दोन-तीन वळणं घेत वर जायचं आणि वर फणा पसरायचा. माझी आजी फणा काढताना बोट एकदाही उचलायची नाही, मग करंगळीने दोन डोळे. शेजारी तशीच नागीण, जरा लहान, आणि खाली बारीक बारीक रेघांची पिल्लं. पिल्लं विसरू नका, कहाणी त्यांचीच आहे. काही घरी नऊ नाग काढतात, काही ठिकाणी पाच फण्यांचा एकच, काही ठिकाणी मातीचा नाग आणतात, कोकणात आणि घाटावर फरक दिसेल, तुमच्या घरी जे चालत आलंय ते करा आणि काहीच चालत आलं नसेल तर नाग, नागीण, पिल्लं एवढं पुरे.

पूजा अशी. निरांजन लावा, गणपतीचं स्मरण करा, मनात संकल्प करा की घरातल्या सगळ्यांच्या रक्षणासाठी आणि आमच्याकडून झालेल्या हिंसेच्या क्षमेसाठी ही पूजा करतेय. चित्रावर फुलानेच पाणी शिंपडा, तांब्याने घालाल तर नाग वाहून जाईल. मग हळद-कुंकू, अक्षता, वस्त्र, दूर्वा, आघाडा, फुलं. मग नऊ नावं घ्या: अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिया. एकेका नावाला "नमः" म्हणत एकेक दूर्वा वाहिली की झालं. वेदातला मंत्र म्हणायचा असेल तर यजुर्वेदातला हा सोपा आहे: "नमोऽस्तु सर्पेभ्यो ये के च पृथिवीमनु। ये अन्तरिक्षे ये दिवि तेभ्यः सर्पेभ्यो नमः॥" पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात जे कुणी सर्प आहेत त्या सगळ्यांना नमस्कार, एवढाच अर्थ. दूध-लाह्यांची वाटी ठेवा, कहाणी मोठ्याने वाचा, लहान मुलांना समोर बसवून वाचा. आरती करा, नमस्कार करा. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत होतं.

वारुळाची पूजा ही खरी जुनी पद्धत, गावाकडे बायका गाणी म्हणत, फेर धरत जायच्या. पण वारूळ बांधतात वाळव्या, नाग त्यात नुसता आसऱ्याला येतो, तेव्हा लांबून हळद-कुंकू वाहा, आत दूध ओतू नका. त्याने त्याचं घर चिखल होतं, दुसरं काही होत नाही.

नैवेद्याला दिंडं

तवा नाही, तळण नाही, मग गोड काय करायचं? म्हणून दिंडं. हरभऱ्याची डाळ आणि गूळ घालून नेहमीसारखं पुरण, त्यात वेलची-जायफळ. कणीक पुरणपोळीपेक्षा घट्ट मळा. पुरीपेक्षा मोठी पारी लाटा, मधोमध पुरण चौकोनी दाबून बसवा आणि चारी बाजू एकावर एक दुमडा, पाकिटासारखं. दुमडलेली बाजू खाली घालून चाळणीला तूप लावून पंधरा मिनिटं वाफवा. झाली की वरचं आवरण चकचकीत आणि किंचित पारदर्शक दिसतं, बोट लावलं तर चिकटत नाही. ताटात घेऊन मधोमध फोडा आणि वरून गरम साजूक तूप सोडा. पहिल्या वर्षी दोन-चार फुटतील, पुरण कणकेपेक्षा ओलं राहिलं की फुटतात.

जिवंत नाग आणायचा नाही

यावर मी तडजोड करत नाही. दारात टोपलीवाला आला तरी पैसे देऊ नका. त्या नागाचे बरेचदा दात तोडलेले असतात, तोंड शिवलेलं असतं, दिवसेंदिवस पाणी दिलेलं नसतं म्हणून तो समोर आलेलं दूध पितो. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याचं अन्नच नाही, ते त्याला पचत नाही. पुंगीवर डोलतो म्हणतात तेही पुंगीच्या हालचालीकडे बघून, सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीची थरथर मात्र त्याला पटकन कळते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याखाली नाग पकडणं, जवळ ठेवणं, त्याचे खेळ करणं गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होतं, तिथेही उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती जुनी मिरवणूक थांबली. तिथल्या लोकांना त्याचं वाईट वाटतं हे मला कळतं, पिढ्यांचं नातं आहे ते. पण ज्याला भाऊ म्हणायचं त्याला मडक्यात कोंडायचं हे मला कधी पटलं नाही.

पावसाळ्यात बिळात पाणी शिरतं आणि साप बाहेर येतात, म्हणजे पूजेच्या दिवसांतच गाठ पडायची शक्यता जास्त. घरात साप दिसला तर मारू नका, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाजूला करा, एकाने लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर मांत्रिक नाही, ब्लेड नाही, करकचून दोरी नाही, तोंडाने ओढणं नाही. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल ती घेऊन सरळ हॉस्पिटल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. मण्यार रात्री झोपेत चावते आणि कित्येकदा दुखतही नाही, त्यामुळे सकाळी उठल्यावर पापण्या जड होणं, बोलता न येणं असं काही दिसलं तर "काही चावलं नाही" म्हणून थांबू नका.

आता कुंडलीकडे

ज्योतिषात नाग तीन ठिकाणी भेटतो. एक, आश्लेषा नक्षत्र, नववं, कर्क राशीतलं शेवटचं, त्याची देवताच सर्प, आणि आश्लेषा शब्दात मिठी, विळखा हा अर्थ आहे. दोन, उत्तराभाद्रपदा, त्याची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे खोल तळाशी राहणारा सर्प. आणि तीन, राहू-केतू, ज्यांच्यामुळे तुम्ही इथपर्यंत वाचत आलात.

मंथनाच्या वेळी स्वर्भानू दैत्य देवांच्या पंगतीत बसून अमृत प्यायला, सूर्य-चंद्रांनी ओळखलं, मोहिनीरूपातल्या विष्णूने सुदर्शनाने शिर उडवलं, शिर तो राहू, धड तो केतू. आकाशात हे दोन बिंदू आहेत, पिंड नाहीत. सूर्याचा भासमान मार्ग आणि चंद्राची कक्षा यांच्यात साधारण ५ अंशांचा तिरकेपणा आहे, त्या जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या-पौर्णिमा त्यांच्याजवळ आली की ग्रहण, म्हणून गोष्टीत ते सूर्य-चंद्राला गिळतात. दोघं कायम समोरासमोर, १८० अंशांवर, उलटे चालतात, एका राशीत साधारण दीड वर्ष, पूर्ण फेरी साडेअठरा वर्षांच्या आसपास.

कालसर्प म्हणजे बाकीचे सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला येणं. हे स्वतः तपासता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. कुंडलीत "रा" शोधा, त्याच्या बरोबर समोरच्या घरात "के" असेल. मनात दोघांना जोडणारी रेघ ओढा. आता रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी एकेक करून बोट ठेवून बघा की सगळे रेघेच्या एकाच बाजूला आहेत का. एक जरी पलीकडे असेल तर योग होत नाही, विषय संपला. हर्षल-नेपच्यून-प्लूटो मोजायचे नाहीत. एखादा ग्रह राहू किंवा केतूच्याच घरात बसला असेल तर मात्र अंश बघा, तिथे बाजू अंशांवरून ठरते. लोक याचे राहूच्या स्थानावरून बारा प्रकार करतात, लग्नात म्हणजे कुंडलीच्या पहिल्या घरात राहू तर अनंत, दुसऱ्यात कुलिक, तिसऱ्यात वासुकी, असं शेषनागापर्यंत.

माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी एका ज्योतिषाने कालसर्प सांगून मोठ्या शांतीचा खर्च मांडला होता. आई महिनाभर नीट जेवली नाही. मग एका संध्याकाळी मी पत्रिका जमिनीवर पसरून बोट ठेवत गेले तर चंद्र चक्क दुसऱ्या बाजूला. दोनदा बघितलं, मग आईला बोट धरून दाखवलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला म्हणते, आधी बोट ठेवून बघा.

आणि खरंच योग असला तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत फेरी पूर्ण करतो, म्हणजे बाकीचे सहा ग्रह एका बाजूला असताना चंद्र साधारण पंधरवडाभर त्या बाजूला असतो आणि त्या पंधरवड्यात जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कुंडलीत कालसर्प येतो. सगळ्यांचं आयुष्य एकसारखं वाईट कसं जाईल? दुसरं, बृहत्पाराशर होराशास्त्रात किंवा वराहमिहिरांच्या बृहज्जातकात कालसर्प या नावाचा योग नाही. तिथे सर्पयोग आहे, पण तो केंद्रातल्या, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या घरांतल्या पापग्रहांचा, हा नव्हे. पाराशरीत सर्पशापाचा विषय येतो, पंचमस्थानातल्या राहूवरून संततीच्या अडचणीचा, आणि उपाय म्हणून नागाची प्रतिमा करून पूजा आणि दान सांगितलंय. मूल होत नसेल तर पूजा जरूर करा, पण दोघांनीही डॉक्टरकडे तपासणी करा, फक्त बायकोने नाही. आश्लेषावर जन्मलेली मुलगी सासूला वाईट, असलं कुणी म्हटलं तर ते अजिबात मनावर घेऊ नका, त्यापायी चांगली स्थळं मोडलेली मी बघितलीत.

शांती करायचीच असेल तर

मनाला आधार वाटत असेल तर करा, मी कुणाला अडवत नाही. फक्त काय करतोय ते माहीत असू दे. त्र्यंबकेश्वरला कालसर्प शांती आणि नारायण-नागबली हे दोन वेगळे विधी आहेत. नारायण-नागबली तीन दिवसांचा, त्यातला नारायणबली अपमृत्यू झालेल्या पितरांसाठी आणि नागबली घरात कुणाच्या हातून साप मारला गेला असेल तर त्याच्यासाठी. पिठाचा नाग करून त्याचे माणसासारखे अंत्यसंस्कार करतात. दहनाच्या वेळी भलेभले रडतात, कारण लहानपणी अंगणात काठीने मारलेला तो साप नेमका तेव्हा आठवतो. दक्षिणेत कर्नाटकातल्या कुक्के सुब्रह्मण्य इथे सर्पसंस्कार आणि आश्लेषा बली होतात, आंध्रात श्रीकालहस्तीला राहू-केतूची पूजा, केरळात मन्नारशाला, तिथे मुख्य पुजारी बाई असते. उज्जैनला महाकालाच्या वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वर आहे, ते दार वर्षातून फक्त नागपंचमीला उघडतं. कुठेही जा, गुरुजींकडून एकूण दक्षिणा, साहित्य, राहणं यांचा आकडा आधीच स्पष्ट करून घ्या, आणि "आजच करा नाहीतर अनर्थ होईल" असं म्हणणाऱ्याकडून उठून या. कर्ज काढून शांती करू नका.

घरी पूजा केली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करायची, अक्षता वाहून पाट हलवायचा. दूर्वा-आघाडा झाडाच्या मुळाशी घाला, लाह्या पक्ष्यांना टाका. चंदनाचा नाग ओल्या फडक्याने पुसायचा आणि ते पाणी तुळशीत. थोडं गंध पाटाच्या रेषांमध्ये राहतंच, आमच्या पाटाला अजून आजीच्या वेळचा वास येतो असं आई म्हणते.